भुताच्या खोलीचे दार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जणांनी चक्क पैसे मोजून स्वतःला एका भुताच्या खोलीत कोंडून घेतले! तुम्ही म्हणाल, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे काय सुचले? सुचले मला नव्हे. माझ्या नववीतल्या भाचीला. ती, तिचा धाकटा भाऊ, त्यांचे दोन वर्गमित्र आणि 'मोठे माणूस बरोबर हवे' म्हणून मी, असे आम्ही टेंभुर्णीहून एस.टी.ने पुण्याला गेलो.

या खेळाला 'एस्केप रूम' म्हणतात. चार-सहा जणांना एका खोलीत ठेवून दार लावतात. आत ठिकठिकाणी खुणा, कोडी आणि कुलपे असतात. ती सोडवत तासाभरात बाहेर पडायचे. जपानमधील क्योटो शहरात 2007 साली ताकाओ काटो यांनी हा खेळ प्रथम भरवला, असे मानतात. जत्रेतल्या भूतबंगल्यात आपण नुसते ओरडत पुढे सरकतो. येथे ओरडता ओरडता डोकेही चालवावे लागते. आम्ही निवडलेली खोली म्हणजे एक 'ओसाड इस्पितळ' होते.

आत जाण्यापूर्वी तेथील मुलाने नियम सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाचीने मात्र विचारले, "दादा, मध्येच वीज गेली तर दार उघडेल की अडकेल?"

आमच्याकडे वीज जाणे काही नवलाचे नाही, म्हणून तिला हे सुचले असावे. पण खरे सांगतो, त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता, आणि तो मला सुचला नव्हता.

त्या मुलाने दाराच्या वरच्या कडेकडे बोट दाखवले. चौकटीवर वीतभर लांबीचा एक ठोकळा होता आणि दारावर त्याच्यासमोर लोखंडी पट्टी. ठोकळा म्हणजे विद्युतचुंबक. तुम्ही खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळून करता ना, त्याचाच थोरला भाऊ! वेटोळ्यातून प्रवाह वाहतो तोवर पट्टी चिकटलेली राहते. अशा साध्या कुलपाला 12 व्होल्ट दाबाला सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह लागतो. गुणाकार करा: शक्ती अवघी 6 वॅट. आणि पट्टी ओढून सोडवायची तर बल लागते सुमारे 270 किलोग्रॅम वजनाइतके.

एका लहान दिव्याइतक्या विजेने एवढे ओझे कसे धरले? येथे पुष्कळ जण फसतात. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. पट्टी जागची हलत नाही, म्हणजे विस्थापन शून्य आणि कार्यही शून्य. ते 6 वॅट फक्त वेटोळे तापवण्यात खर्च होतात. दुसरी गोष्ट अशी की, पट्टी आणि चुंबक यांच्यामध्ये हवेची फट नसते. घरी खिळ्याच्या चुंबकाला टाचण्या चिकटवून पाहा. मग खिळ्याच्या टोकाला कागदाची दोन-तीन पदरी घडी लावून पुन्हा पाहा. किती टाचण्या गळतात ते मोजा.

तर वीज गेली की हे कुलूप आपोआप सुटते. सगळी विजेची कुलपे मात्र अशी नसतात. काहींत स्प्रिंगने बाहेर आलेली खिट्टी असते आणि ती आत ओढायलाच वीज लागते. वीज गेली की अशा दाराची खिट्टी जेथल्या तेथे राहते.

भाचीचे समाधान झाले नाही. "आणि बॅटरी लावली असेल तर?" बॅटरी असेल तर वीज जाऊनही चुंबक धरूनच ठेवणार! म्हणून दाराशेजारी एक लाल बटण होते. ते दाबले की वेटोळ्याचे मंडलच तुटते. मग वीज कोठूनही येत असो. तिने ते दाबून, दार उघडून पाहिले आणि मगच आम्ही आत गेलो.

आत काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण माझी शोभा फार झाली. मंद तांबड्या उजेडात एकाएकी पांढऱ्या साडीतली बाई हवेत उभी राहिली. मी दोन पावले मागे सरलो, ते थेट भाच्याच्या पायावर. ती बाई होती काचेतले प्रतिबिंब. रात्रीच्या एस.टी.त खिडकीबाहेर तुमचाच चेहरा तरंगताना दिसतो, तसे. काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम 8 टक्के परत पाठवते. दिवसा बाहेरच्या प्रकाशात ते हरवते, अंधारात उठून दिसते. लंडनच्या रंगभूमीवर 1862 साली जॉन हेन्री पेपर यांनी हीच युक्ती वापरून भूत उभे केले होते. हे सगळे मी वर्गात शिकवतो, तरीही मागे सरलो. भीती डोक्यातल्या सूत्रांसाठी थांबत नाही.

तीन आकडी कुलपाशी भाचा वेगळीच युक्ती लढवत होता. कोडे सोडवण्याऐवजी तो 000 पासून एकेक आकडा लावत सुटला! एकूण शक्यता 1000. एकीला तीन सेकंद धरले तर 50 मिनिटे. पहिला आकडा आम्हांला सापडला तेव्हा शक्यता उरल्या 100, म्हणजे पाच मिनिटांचे काम.

एवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, श्वास कोंडतोय." आपणही हिशेब करू. खोली सुमारे 34 घनमीटर, म्हणजे 34,000 लिटर. त्यात ऑक्सिजन सुमारे 7,000 लिटर. पाच माणसे तासाभरात वापरतात साधारण सव्वाशे लिटर. खोली पूर्ण हवाबंद असती तरी टंचाई नव्हती. कोंडल्यासारखे वाटत होते ते उकाड्याने आणि घाबरून जलद चाललेल्या श्वासाने. मी त्याला सावकाश श्वास सोडायला सांगितले.

पण धूर आला तर हा हिशेब कोलमडतो. पोलंडमधील कोशालिन गावी 4 जानेवारी 2019 रोजी पाच मुली वाढदिवसासाठी अशाच खोलीत खेळत होत्या. सगळ्या पंधरा वर्षांच्या. बाहेरच्या खोलीतल्या गॅस-शेगडीमुळे आग लागली. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. पाचही जणी कार्बन मोनॉक्साइडने दगावल्या. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. त्यानंतर पोलंडमध्ये अशा खोल्यांची तपासणी झाली आणि अनेक बंद करण्यात आल्या.

आम्ही वेळेत सुटलो नाही. कुलूप एक उरले होते. परतीच्या एस.टी.त भाचीने आणखी एक प्रश्न काढला: दार आत उघडणारे असेल आणि आतले सगळेच त्याच्यावर रेटा देऊ लागले तर? उत्तर तुम्हीच द्या. त्यासाठी तुमच्या शाळेतील सभागृहाचे, प्रयोगशाळेचे दार कोणत्या बाजूला उघडते ते उद्या पाहून या.

आमच्या प्रयोगशाळेचे दार आत उघडते. पंधरा वर्षे मी त्यातून ये-जा करतो आहे, पण हे कधी खटकले नव्हते. बिजागऱ्या बदलायला सुतार सोमवारी येणार आहे.