मुद्रित मंडलाच्या आराखड्यातील व्यावहारिक विचार : वसई-विरार परिसरातील पाणी-पातळी नियंत्रकाच्या संदर्भात

गोषवारा

विद्युत मंडलाची आकृती निर्दोष असली तरी तिच्यावरून तयार केलेला फलक निर्दोष असेलच असे नाही. तांब्याची जाडी व रुंदी, दोन मार्गांमधील अंतर, फलकाचे साहित्य आणि सभोवतालची हवा हे सर्व घटक प्रत्यक्षात त्या मंडलाचेच भाग असतात. मात्र आकृतीत ते दिसत नाहीत. वसई-विरारच्या खाऱ्या व दमट हवेत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. प्रस्तुत लेखात गृहनिर्माण संस्थांतील पाणी-पातळी नियंत्रक हे उदाहरण घेऊन मुद्रित मंडलाच्या आराखड्यातील प्रमुख व्यावहारिक बाबींचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मुद्रित मंडल, ताम्रमार्ग, पृष्ठभागी अंतर, आर्द्रता, विद्युत सुरक्षितता

प्रस्तावना

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर अशा चतुःसीमेत वसई-विरार परिसर वसलेला आहे. येथील बहुतेक गृहनिर्माण संस्थांत पाणी प्रथम जमिनीखालील टाकीत साठविले जाते व तेथून मोटारीने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. वरची टाकी भरल्यावर मोटार बंद करणे आणि खालची टाकी रिकामी असताना ती सुरू होऊ न देणे, ही दोन कामे करणारा नियंत्रक म्हणजे पाणी-पातळी नियंत्रक होय. पदविका व पदवी अभ्यासक्रमाच्या प्रकल्पांत हा विषय विद्यार्थी आवडीने निवडतात.

प्रयोगशाळेतील टेबलावर हा नियंत्रक उत्तम चालतो. तथापि त्याचे खरे स्थान तळमजल्यावरील पंपघर हे असते. तेथे भिंतींना ओल असते, वायुवीजन अल्प असते आणि पावसाळ्यात पाणी शिरण्याचा संभव असतो. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत या परिसराचा मोठा भाग जलमय झाला होता, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. शिवाय या यंत्रणेत एकीकडे २३० व्होल्टचा वीजपुरवठा असतो, तर दुसरीकडे संवेदक सळ्या पिण्याच्या पाण्यात बुडालेल्या असतात. म्हणूनच या फलकाचा आराखडा हा केवळ गुणांचा विषय राहत नाही.

मुद्रित मंडलाचे स्वरूप

मूळचे व्हिएन्नाचे अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ नंतर इंग्लंडमध्ये मुद्रित मंडलाची कल्पना विकसित केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचा लष्करी उपयोग झाला व त्यानंतर नागरी उद्योगांत तिचा प्रसार झाला. विद्युतरोधक पत्र्यावर तांब्याचा पातळ थर बसवून, त्यातील अनावश्यक तांबे रसायनाने काढून टाकणे हे तिचे मूलतत्त्व आजही कायम आहे.

सध्या सर्वाधिक वापरात असलेला पत्रा काचतंतू व इपॉक्सी यांचा असून तो ‘एफआर-४’ या नावाने ओळखला जातो. त्याची प्रचलित जाडी १.६ मि.मी. आणि तांब्याच्या थराची प्रचलित जाडी सुमारे ३५ मायक्रॉन असते. कागद व फिनॉलिक रेझिनपासून बनविलेला पत्रा स्वस्त पडतो. परंतु तो अधिक ओलावा शोषून घेतो. दमट जागेसाठी बनविलेल्या उपकरणात ही बचत महागात पडते.

हवेचा विचार

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात व उघड्या पृष्ठभागावर बसतात. साधे मीठ, म्हणजेच सोडियम क्लोराईड, २५ अंश सेल्सिअस तापमानाला सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळते. कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता या मर्यादेच्या वर जाणे नित्याचेच आहे. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते व ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरते. परिणामी, वरकरणी कोरडा दिसणारा फलकही प्रत्यक्षात खारट पाण्याच्या अतिपातळ थराने आच्छादलेला असू शकतो.

या थराचे दोन परिणाम संभवतात. पहिला परिणाम म्हणजे गळती. संवेदकाच्या जोडणीस १ मेगओहमसारखा मोठा रोध लावला असेल, तर फलकावरील ओलाव्याचा रोधही त्याच श्रेणीचा होतो आणि नियंत्रकाला पाण्याचा भास होतो. टाकी रिकामी असतानाही मोटार सुरू होत नाही आणि रहिवासी पाण्यावाचून राहतात. त्याऐवजी ४७ ते १०० किलोओहमचा रोध वापरल्यास टाकीतील पाणी व फलकावरील ओलावा यांत स्पष्ट फरक करता येतो.

दुसरा परिणाम अधिक सावकाश घडतो. ओलावा, क्षार आणि एकदिश विद्युतदाब हे तिन्ही एकत्र आले की एका मार्गावरील धातू विरघळून दुसऱ्या मार्गाच्या दिशेने वाढू लागतो व कालांतराने दोन्ही मार्ग जोडले जातात. यासाठी ५ व्होल्टही पुरेसे असतात. टाकीतील सळ्यांवरही हीच विद्युत-अपघटनाची क्रिया घडते. त्यामुळे सळ्यांना सतत एकदिश दाब न देता त्याची दिशा आलटून पालटून बदलावी, म्हणजे त्यांची झीज बरीच कमी होते.

ताम्रमार्गाची रुंदी

आकृतीतील रेषेला रोध नसतो; फलकावरील ताम्रमार्गाला मात्र तो असतो. ३५ मायक्रॉन जाडीचा, ०.२५ मि.मी. रुंद व १०० मि.मी. लांब मार्ग घेतल्यास त्याचा रोध सुमारे ०.२ ओहम येतो. काही नियंत्रकांत रहिवाशांना संदेश पाठविण्यासाठी जीएसएम मॉड्यूल बसविलेले असते. ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह घेते. अशा वेळी जाण्याच्या मार्गावर ०.४ व्होल्ट व परतीच्या तेवढ्याच मार्गावर आणखी ०.४ व्होल्ट घट होते. ४ व्होल्टच्या पुरवठ्यातून मॉड्यूलपर्यंत ३.२ व्होल्टच पोहोचतात व ते बंद पडते. विद्यार्थी अशा वेळी आज्ञावलीत दोष शोधत बसतात. वस्तुतः दोष तांब्याच्या रुंदीत असतो.

मोठ्या प्रवाहाच्या बाबतीत तापमानवाढीचा विचार करावा लागतो. आयपीसी-२२२१ या मानकातील सूत्रानुसार, बाह्य थरावरील १ मि.मी. रुंद व ३५ मायक्रॉन जाड मार्गातून सुमारे २.४ अँपिअर प्रवाह गेल्यास त्याचे तापमान १० अंशांनी वाढते. एक अश्वशक्तीची एककला मोटार साधारणतः ६ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते असे धरले, तर त्याच तापमानवाढीसाठी सुमारे ३.५ मि.मी. रुंदी लागेल. परंतु मोटार सुरू होताना हा प्रवाह क्षणभर पाच-सहा पट होतो. त्यामुळे मोटारीचा प्रवाह फलकावरून न नेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. फलकावरील रिलेने केवळ कॉन्टॅक्टरचे वेटोळे चालवावे व मोटारीचा भार कॉन्टॅक्टरने वाहावा.

वीज आणि पाणी यांमधील अंतर

या आराखड्यातील सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. खर्च व जागा वाचविण्यासाठी रोहित्राऐवजी धारित्राच्या साहाय्याने थेट २३० व्होल्टमधून अल्प दाब मिळविण्याची पद्धत अनेक स्वस्त उपकरणांत आढळते. अशा मंडलाचा कोणताही बिंदू वीजपुरवठ्यापासून विलग नसतो. त्याच्या सळ्या पाण्यात सोडणे म्हणजे टाकीतील पाणी वीजवाहिनीला जोडण्यासारखेच आहे. ज्या यंत्रणेची तार पाण्यात जाते, तेथे विलग करणारे रोहित्र किंवा प्रमाणित विलग पुरवठा अनिवार्य मानला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. परंतु तो अतिरिक्त संरक्षण आहे, विलगतेचा पर्याय नव्हे.

विलग पुरवठा घेऊनही फलकावर दोन्ही बाजूंचे मार्ग जवळ आले तर त्याचा उपयोग राहत नाही. येथे दोन अंतरे मोजावी लागतात. एक हवेतून सरळ रेषेत जाणारे आणि दुसरे फलकाच्या पृष्ठभागावरून जाणारे. दमट हवेत पृष्ठभागी अंतर अधिक निर्णायक ठरते. आयईसी ६०६६४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात सभोवतालच्या प्रदूषणाच्या चार श्रेणी दिलेल्या आहेत. सर्वसाधारण कार्यालय दुसऱ्या श्रेणीत मोडते, तर ज्या जागी साचलेली धूळ वा क्षार दव पडल्यावर विद्युतवाहक होण्याची शक्यता असते ती जागा तिसऱ्या श्रेणीत मोडते. या मानकाच्या सर्वसाधारण तक्त्यात, तिसऱ्या गटातील साहित्यासाठी २५० व्होल्टला मूलभूत विद्युतरोधनाचे पृष्ठभागी अंतर दुसऱ्या श्रेणीत २.५ मि.मी., तर तिसऱ्या श्रेणीत ४ मि.मी. आहे. मनुष्याचा स्पर्श संभवतो तेथे प्रबलित विद्युतरोधन लागते व हे अंतर दुप्पट, म्हणजे अनुक्रमे ५ व ८ मि.मी. होते. वसईतील पंपघरासाठी तिसरी श्रेणी धरणेच योग्य होय.

या अंतराचा परिणाम घटकांच्या निवडीवरही होतो. बाजारात मिळणाऱ्या लहान, निळ्या रंगाच्या स्वस्त रिलेमध्ये संपर्काची एक पिन वेटोळ्याच्या दोन पिनांच्या मधोमध येते. त्यामुळे कितीही कौशल्याने मार्ग आखले तरी तेथे ८ मि.मी. अंतर मिळत नाही. ज्या रिलेत वेटोळे व संपर्क विरुद्ध टोकांना असतात, तीच येथे निवडावी. जागा अपुरी असल्यास फलकात खाच कापून पृष्ठभागी मार्ग लांबविता येतो. मात्र तिसऱ्या श्रेणीत ती खाच किमान १.५ मि.मी. रुंद असावी.

विद्युत गोंगाट व परतीचा मार्ग

ताम्रमार्गाला प्रेरकत्वही असते. ते ढोबळमानाने प्रत्येक मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरता येते. ५० मि.मी. लांब मार्गातील प्रवाह ५ नॅनोसेकंदांत १०० मिलिअँपिअरने बदलला, तर सुमारे १ व्होल्टचा धक्का निर्माण होतो. म्हणून प्रत्येक एकात्मिक मंडलाच्या पुरवठा-पिनेलगत ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र बसवावे. आकृतीच्या एका कोपऱ्यात ही सर्व धारित्रे ओळीने काढलेली असतात. फलकावर मात्र ती तशी ठेवल्यास निरुपयोगी ठरतात. खालचा थर शक्यतो अखंड ठेवून तो परतीच्या मार्गासाठी वापरावा. रिलेच्या वेटोळ्यास उलट दिशेचा डायोड व कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यास रोध-धारित्र जोडी लावल्यास मोटार बंद होताना नियंत्रक भरकटण्याचे प्रमाण कमी होते.

निर्मिती, स्वच्छता व स्थापना

डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचे अवशेष ओलावा ओढून घेतात. त्यामुळे जोडणी पूर्ण झाल्यावर फलक आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून, त्यानंतरच संरक्षक लेप द्यावा. अस्वच्छ फलकावर दिलेला लेप ओलावा व क्षार आतच कोंडून ठेवतो. तारा जोडण्याची टर्मिनल्स लेपातून वगळावीत. पेटीला तारा खालच्या बाजूने आत घ्याव्यात आणि ती पूररेषेच्या वर बसवावी.

महाविद्यालयात फेरिक क्लोराईडने फलक कोरले जात असतील, तर वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये. त्यात विरघळलेले तांबे असते. ते स्वतंत्र साठवून अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यावे. आराखड्यासाठी महागड्या संगणक प्रणालीचीही आवश्यकता नाही. ‘कीकॅड’ ही मुक्त प्रणाली, तसेच आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने विकसित केलेली ‘ईसिम’ विनामूल्य उपलब्ध आहे. त्यांतील नियम-तपासणीची सोय उपयुक्त आहे. मात्र अंतराचा नियम ०.२ मि.मी. भरला असेल तर प्रणाली तेवढेच तपासते. ८ मि.मी.ची गरज तिला आराखडाकारानेच सांगावी लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, मुद्रित मंडलाचा आराखडा हा आकृतीचा केवळ अनुवाद नसून तो स्वतंत्र विचाराचा विषय आहे. या विचाराचा आरंभ उपकरण कोठे बसणार, या प्रश्नापासून झाला पाहिजे. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना दिवा लागला की नाही एवढेच न पाहता तीन प्रश्न विचारता येतील : या जागेसाठी प्रदूषणाची कोणती श्रेणी धरली? वीज व पाणी यांमधील सर्वांत कमी अंतर किती व ते कोठे आहे? सर्वाधिक प्रवाहाच्या मार्गाची रुंदी कोणत्या गणिताने ठरविली? यांची उत्तरे देण्यासाठी मोजपट्टी, एक तक्ता व साधे गणित पुरेसे आहे. ज्या विद्यार्थ्याला ही उत्तरे देता येतील, त्याने बनविलेला नियंत्रक पंपघरात बसविण्याचा विचार करता येईल. ज्याला देता येणार नाहीत, त्याचा फलक कितीही सुबक असला तरी तो प्रयोगशाळेच्या टेबलावरच राहिला पाहिजे.