मोटारीची वेगळी पदवी हवी का?

बारावीनंतर अभियांत्रिकीचे पर्याय भरताना गाड्यांचे वेड असलेली मुले ‘ऑटोमोबाइल’ या शब्दापाशी हमखास थांबतात. घरचे म्हणतात, ‘मेकॅनिकल घे, सगळीकडे चालते.’ वाद घरोघरी होत असला तरी प्रश्न विद्यापीठांना विचारायला हवा. मोटार ही स्वतंत्र विद्या आहे, की यंत्रशास्त्राचा केवळ एक उपयोग?

माझ्या मते ती स्वतंत्र विद्या आहे. एक साधे उदाहरण घेऊ. मालाने भरलेला टेम्पो उतारावर जोरात ब्रेक लावतो, तेव्हा पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि मागची चाके हलकी होतात. मागचे ब्रेक तितकेच जोरदार राहिले तर ती चाके जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग फिरतो. किती भार पुढे जाईल, हे माल किती उंच रचला आहे आणि दोन आसांमध्ये अंतर किती आहे यावर ठरते. हाच टेम्पो संध्याकाळी रिकामा परततो, तेव्हा सारे गणित बदलते. विजेच्या गाडीत आणखी एक गुंता असतो. वेग कमी करताना मोटरच वीज तयार करते, पण तिची पकड फक्त तिला जोडलेल्या चाकांवर. उरलेल्या ब्रेकची वाटणी संगणकाची आज्ञावली करते. ब्रेक, टायर, सांगाडा, आज्ञावली यांपैकी कशाचाही विचार एकेकट्याने करता येत नाही. उष्मागतिकी आणि पदार्थबल वेगवेगळ्या तासांना शिकलेल्या विद्यार्थ्याला हे सगळे एकत्र कोण दाखवणार?

म्हणून वेगळी पदवी हवी. पण केव्हा, हा खरा मुद्दा आहे.

मद्रासजवळ क्रोमपेटला सी. राजम यांनी १९४९मध्ये मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी काढली आणि तिथे विमानविद्येबरोबर ऑटोमोबाइल हाही विषय ठेवला. अब्दुल कलाम तिथलेच, विमानविद्येचे. सुरुवातीला तिथे प्रवेश मिळे तो विज्ञानाच्या पदवीधरांना. आधी पाया, मग मोटार. जर्मनीत आखेनलाही वाहनविद्येची वेगळी पदवी मिळते ती पदव्युत्तर पातळीवर. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातली संस्था १९२६मध्ये जनरल मोटर्सने ताब्यात घेतली. विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात शिकत. आज केटरिंग विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी ही संस्था मोटारीच्याच पोटी वाढली, तरी तिथला गाड्यांचा विद्यार्थी प्रामुख्याने मेकॅनिकलचीच पदवी घेऊन बाहेर पडतो.

आपल्याकडे उलटे झाले. अभ्यासक्रमपत्रिका जमवायचा मला नाद आहे (पदवी दोन्हींपैकी एकही नाही, त्यामुळे कुणाची बाजू घेण्याचे कारण नाही). त्यांत दिसते ते असे: सुरुवातीची वर्षे मेकॅनिकलसारखीच, आणि पुढे वेगळेपण म्हणून क्लच, गिअरबॉक्स, इंधनप्रणाली असे सुटे भाग. हे भाग बदलतात. १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहा मानके आली आणि दुचाकींतला कार्ब्युरेटर जवळपास संपला. विजेच्या गाडीत क्लच नसतो, गिअरही बहुधा एकच. उलट उष्णता कशी वाहते हे नीट शिकलेला मुलगा इंजिनाऐवजी बॅटरी थंड ठेवण्याच्या कामाला लागू शकतो. सरकारही दोन पदव्यांत भेद करत नाही: मोटार वाहन निरीक्षकाच्या पदासाठी ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल, कोणतीही पदविका चालते. मग अठराव्या वर्षी दार अरुंद करून घेण्यात विद्यार्थ्याला काय मिळते? फी मात्र तेवढीच.

माझा प्रस्ताव असा: पदवी मेकॅनिकलची किंवा इलेक्ट्रिकलची असावी, आणि तिच्यावर दोन वर्षांचा पूर्ण वाहनाचा अभ्यास असावा. तोही सर्वत्र नको. पुण्यात १९६६पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने आहेत. तिथल्या विद्यापीठाने चाचणीची साधने या मंडळींशी वाटून घेतली, तर हा अभ्यासक्रम खरा होईल. जिथे चालती गाडी रोलरवर चढवून मोजायची सोय नाही, तिथे ही पदवी देऊच नये.

तोवर प्रवेशाआधी पालकांनी कॉलेजची प्रयोगशाळा उघडून पाहावी. काचेआड कापून, लाल-निळा रंग देऊन ठेवलेले इंजिन जवळपास सगळीकडे असते. विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवून पुन्हा जोडलेली आणि रस्त्यावर चालवलेली गाडी कुठे आहे, ते विचारावे.