नाला, नदी आणि नळ

पावसाळा सरत आला, की मराठवाड्यात जायकवाडीच्या पाण्याचा हिशेब मांडला जातो. १५ ऑक्टोबरला धरणातला साठा ६५ टक्क्यांपर्यंत पोचला नसेल, तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीच्या शिफारशीतून आलेलं सूत्र. त्यावरून आंदोलनं होतात, प्रकरणं न्यायालयात जातात आणि 'टीएमसी' हा शब्द चहाच्या टपरीवरही तोंडी असतो. हक्काच्या पाण्यासाठी भांडायलाच हवं. पण पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, किती पाणी आलं, हे इतक्या बारकाईनं मोजणारं छत्रपती संभाजीनगर त्यात आपण काय सोडतो, हे क्वचितच विचारतं. जलाशयाची तब्येत ठरते ती त्याच्याकडे उतरणाऱ्या सगळ्या जमिनीवर, म्हणजे पाणलोट क्षेत्रात. नाथसागराच्या या जमिनीत गजबजलेला औरंगपुराही येतो.

औरंगपुऱ्यातून जाणारा नाला, जुन्या शहरातल्या इतर नाल्यांप्रमाणे, खाम नदीकडे उतरतो. जटवाड्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावणारी खाम हर्सूल तलावातून येते, पाणचक्कीजवळून, छावणीला वळसा घालून दक्षिणेला निघते आणि धरणाच्या वरच्या अंगाला गोदावरीला मिळते. याचा अर्थ सरळ आहे: मंडईतला कुजका पाला, हॉटेलांचं खरकटं पाणी, गटारवाहिनीला न जोडलेल्या घरांचा मैला, यातलं जे नाल्यात उतरतं ते अखेर त्याच जलाशयाच्या वाटेला लागतं, ज्याचं पाणी शहर पितं. मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहर बांधली, तेव्हा पाणी उत्तरेकडच्या उंच भागातून, शहराच्या वरच्या बाजूनं येत होतं. वस्तीचं सांडपाणी खाली जाई, पिण्याचं पाणी वरून येई. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि पुढे शहराची भिस्त त्यावर गेली, तेव्हा हा क्रम उलटला. आता आपण आपल्याच उताराच्या खालच्या टोकाचं पाणी वर उपसून पितो. पूर्वी नाला घाण ठेवणं हा खालच्या गावांवरचा अन्याय होता. आज तो स्वतःच्या पायावर मारलेला धोंडा आहे.

सांडपाण्यातली सगळीच घाण डोळ्यांना दिसत नाही. मैला, साबण आणि वाहून आलेलं खत यांतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतात. पिकाला जे पोषक, तेच शेवाळाला आणि जलपर्णीला. कॅनडात १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कर्ब आणि नत्र टाकलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. तीच बाजू शेवाळानं हिरवी झाली. हे शेवाळ मेल्यावर कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे गुदमरतात. म्हणून दिल्ली गेटजवळच्या सलीम अली सरोवरासारख्या तळ्यात नुसती जलपर्णी काढून भागत नाही. पोषकद्रव्यं येत राहिली, तर जलपर्णीही परत येते.

यावर पहिला आक्षेप असा, की फारोळ्याला जलशुद्धीकरण केंद्र आहे, मग चिंता कशाची? तिथल्या नेहमीच्या प्रक्रियेत गाळ बसतो आणि क्लोरीननं जंतू मरतात. पण विरघळलेलं नायट्रेट त्यानं जात नाही, शिवाय पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असली तर क्लोरीनशी तिचा संयोग होऊन घातक संयुगं तयार होतात. दुसरा आक्षेप आकाराचा: सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेल्या जलाशयात एका नदीची घाण ती काय? पण नाथसागर विस्तीर्ण असला तरी उथळ आहे. दुष्काळात तो आक्रसतो, तेव्हा घाण विरळ करायला पाणीच उरत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पाणलोट २१ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं. नाशिकपासूनचं सांडपाणी आणि उसाच्या शेतातलं खत गोदावरीतून येतं, मग एकट्या या शहरानं काय साधणार? हे खरं आहे, पण समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरणाऱ्यांनी घाणीचा हिशेब शेजाऱ्यावर ढकलला, तर वरच्या जिल्ह्यांपुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं? स्वच्छ पाण्याची मागणी करायला आधी आपला नाला स्वच्छ हवा.

ते अशक्य नाही. अमेरिकेत सिएटलनं १९६० च्या दशकात वॉशिंग्टन सरोवरात जाणारं सांडपाणी वळवलं आणि काही वर्षांतच पाणी नितळ झालं. आपल्याकडेही खाम नदीच्या पुनरुज्जीवनात महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि संस्था एकत्र आल्या. काठ साफ झाले, झाडं लागली. मात्र काठाचं सौंदर्य म्हणजे पाण्याची शुद्धता नव्हे. कांचनवाडीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र दररोज १६.१ कोटी लिटरच्या क्षमतेचं आहे, पण जे पाणी गटारवाहिनीत शिरतच नाही, त्याचा या क्षमतेला काय उपयोग? म्हणून पहिलं काम आहे मोजणीचं: प्रत्येक नाला खामला मिळतो तिथं त्याचा प्रवाह, प्राणवायू, नत्र आणि स्फुरद तपासायचं आणि धरणाच्या टक्केवारीसारखे ते आकडे लोकांसमोर ठेवायचे. कोणत्या वॉर्डातून किती घाण जाते हे कळलं, की जोडण्या कुठं आधी द्यायच्या, हे ठरवता येईल आणि नगरसेवकाला जाबही विचारता येईल. टीएमसीचा हिशेब ठेवणाऱ्या शहराला ही दुसरी वही जड नाही.