कोपरा आणि त्याचा शेजारी

जालना जिल्ह्यात कपाशीची लागवड आटोपून गावोगावची मैदाने चिखलाने भरली आणि उन्हाळ्यातील जत्रांबरोबर कबड्डीचे सामनेही थांबले, म्हणजे संघचालकांना जी तीन-चार महिन्यांची उसंत मिळते, तोच संघबांधणीचा खरा हंगाम होय. परंतु या उसंतीत त्यांची सारी मसलत बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते, तो म्हणजे नवा चढाईपटू कोठून आणावा. हा मोह स्वाभाविक आहे, कारण गुण घेऊन मध्यरेषा गाठणारा गडी प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरतो. तथापि सामने हातचे जातात ते पुष्कळदा बचावाच्या फळीत पडलेल्या एखाद्या भगदाडामुळे, आणि ते भगदाड नेमके कोणत्या जागी आहे हे ओळखणे दिसते तितके सोपे नाही.

फळीत सात जण असतात: दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आतल्या बाजूस दोन इन, नंतर दोन कव्हर आणि मध्ये सेंटर. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असल्यामुळे प्रत्येक बाजूस अवघी साडेसहा मीटरची खोली मिळते आणि तेवढ्या जागेत ३० सेकंदांची चढाई थोपवावी लागते. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असताना चढाईपटू बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकू पाहतो, आणि त्याचा मागचा पाय उचलला जाण्याच्या त्या निमिषात कोपऱ्याने घोटा धरायचा असतो. पण घोटा धरल्याने काम संपत नाही. अंगाने दणकट गडी धरलेल्या पायानिशी मध्यरेषेकडे झेप घेतो. त्या वेळी शेजारच्या कव्हरने धावून येऊन त्याची कंबर जखडली नाही, अथवा धडकेने त्याला मैदानाबाहेर लोटले नाही, तर रेषेला हात टेकतो आणि बाद होतो तो बिचारा कोपरा.

येथेच हिशेबाची चूक होते. गुणपत्रकात अपयशी पकड कोपऱ्याच्या नावे पडते. उशिरा पोहोचलेल्या कव्हरची त्यात नोंदही नसते. मग हंगामाअखेर दप्तर उघडून बसलेले चालक कोपरा बदलण्याची तजवीज करतात, आणि पुढच्या वर्षी नवा कोपराही तसाच बाद होत राहतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ज्या जालन्यात ‘महिको’ स्थापून बियाण्यांच्या व्यवसायाचा पाया घातला, तेथील जाणत्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. उगवण विरळ झाली तर तो बियाण्याला बोल लावण्यापूर्वी सरीत बोट घालून ओल पाहतो. संघचालकानेही प्रत्येक फसलेल्या पकडीबाबत चढाईपटू कोणाच्या हातून सुटला यापेक्षा मदतीला कोण आले नाही, हे आधी लिहून ठेवावे. कोपरा आणि कव्हर यांचा विचार जोडीनेच करावयास हवा.

प्रो कबड्डीत पुण्याच्या संघाने घेतलेला निर्णय या दृष्टीने मननीय आहे. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण जयपूरकडून ३३–२९ अशी हरली. तेव्हा तिचा डावा कोपरा इराणचा फजल अत्राचली सांभाळीत होता. पुढच्या लिलावापूर्वी पुण्याने त्याला मोकळे केले आणि त्याच जागेसाठी मोहम्मदरेझा शादलू या दुसऱ्या इराणी खेळाडूवर २ कोटी ३५ लाख रुपये खर्चिले. मात्र संकेत सावंत आणि अबिनेश नदराजन या तरुण कव्हर जोडीला धक्का लावला नाही. माझ्या मते त्या खरेदीतील खरे शहाणपण या न लावलेल्या धक्क्यात होते. कोपऱ्यात कोणीही आला तरी त्याच्या मदतीला वेळेवर पोहोचणारे पाय तेथे आधीच होते. शादलूने त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण मिळविले.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळातही चेंडू फेकणाऱ्यापुढे पाच जणांची फळी असते. उजव्या हाताने फेकणाऱ्याची डावी बाजू त्याच्या नजरेआड राहते, म्हणून ती राखणाऱ्या गड्यासाठी संघ मोठी रक्कम मोजतात; तरी आपल्या कव्हरप्रमाणेच टाळ्यांचा वाटा त्याच्याकडेही क्वचितच येतो.

अंबड, परतूर, मंठा, भोकरदन अशा तालुक्यांतील संघांजवळ कोट्यवधींचा खजिना नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. परंतु मागच्या सामन्यांची चित्रफीत आज कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये सापडतेच. संघचालकांना माझी कळकळीची विनंती एवढीच की, जमीन वाळून सराव सुरू होण्यापूर्वी एक संध्याकाळ सर्व खेळाडूंना एकत्र बसवून त्या चित्रफिती पाहाव्यात, आणि कोपऱ्याने पाय धरला त्या क्षणी कव्हर कोठे उभा होता हे प्रत्येक वेळी थांबून तपासावे. नव्या गड्याचा शोध त्यानंतर सुरू करावा.