दुकानाला कुलूप लावून जंगलात
१९ माणसांच्या एका सहलीचा जमाखर्च

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत उल्हासनगरचे आमचे दुकान सलग पाच दिवस बंद राहिले, असे प्रसंग बोटांवर मोजता येतील. वडिलांचा इंतकाल झाला तेव्हा, २००५ च्या २६ जुलैच्या पुरात आणि २०२० च्या टाळेबंदीत. म्हणजे जेव्हा जेव्हा कुलूप लागले, ते संकटाने लावले. आपण होऊन, खुशीने शटर ओढून आम्ही बायकामुलांसह कधी कुठे गेलो नव्हतो. लग्नाकार्याला गेलो तरी एक कान फोनवर.

२०२४ च्या दिवाळीनंतर मात्र गेलो. चार कुटुंबे, १९ माणसे, चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबाचे जंगल. या पानावर सहसा भाव, कर आणि बाजाराची चर्चा असते, तिथे सहलीची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा विषयही धंद्याचाच आहे, असे आमचे मत झाले आहे. म्हणून त्याचा जमाखर्च वाचक बंधूंपुढे मांडतो.

आधी आमचा गोतावळा सांगितला पाहिजे. दुकान उल्हासनगरला, धाकट्या बंधूंचा शिलाईचा कारखाना अंबरनाथला. आमचे कटिंग मास्टर बावीस वर्षांपासून आमच्याबरोबर आहेत, ते बदलापूरला राहतात. चौथे आमचे मेहुणे, बटण आणि चेनचे व्यापारी, तेही बदलापूरचेच. एकाच लोकलने येणारी-जाणारी ही चार घरे. पण सहलीआधीची दोन वर्षे आम्हा दोघा भावांत कामापुरतेच बोलणे उरले होते. टाळेबंदीत बुडालेली उधारी दुकानाच्या खात्यावर टाकायची की कारखान्याच्या, हा वाद. वडिलांच्या वेळेपासून दोन्हींचा हिशेब एकत्र, त्यामुळे गाठ सुटेना. गोष्ट वकिलापर्यंत जाण्याच्या बेतात होती.

सहलीची कल्पना घरातल्या बायकांची. मुलांना वाघ पाहायचा होता, आणि भाऊ-भाऊ एका गाडीत बसलेले बायकांना पाहायचे होते.

पहिला प्रश्न पैशाचा आला. आम्ही सेठपणाच्या भरात म्हणालो, मास्टरांच्या घरचा खर्च दुकान करील. मास्टर शांतपणे म्हणाले, "भाई, कामाचे पैसे तुमच्याकडून घेतो. फिरायला तुमच्या पैशाने येणार नाही. माझा हिस्सा सांगा." आम्ही शरमलो. मग भिशीसारखी पद्धत ठरली. मिळकत सर्वांत कमी असलेल्या घराला जो हप्ता झेपेल, तोच सर्वांचा हप्ता. लहान असो की मोठा, माणशी महिना ४०० रुपये. त्यामुळे सहल लांबली खरी. मार्च २०२३ मध्ये सुरू केलेली भिशी वीस महिन्यांनी १,५२,००० रुपयांवर आली. पण त्या रकमेत कोणाचे उपकार नव्हते. गाडीत खिडकीची जागा कोणाची, यावर मास्टरांचा मुलगा आमच्या नातवाशी बरोबरीने भांडला. ही बरोबरी पैशाने विकत मिळत नाही.

मोठ्या सहलीआधी दोन छोट्या रंगीत तालमी केल्या. पहिली एका दिवसाची, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची. मुंबई आणि ठाणे यांच्या कुशीत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल आहे. आत तुळशी आणि विहार हे तलाव, कान्हेरीची लेणी आणि मोकळे फिरणारे बिबटे. इतकी वर्षे लोकलमधून मुंबईला ये-जा केली, पण हे दार कधी ओलांडले नव्हते. कोणी जाणार असेल तर सोमवार टाळावा, त्या दिवशी उद्यान बंद असते.

दुसरी तालीम माथेरानची. बदलापूरच्या पुढे वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तिथून डोंगरावर जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभाय यांनी. त्यांचे वडील सर आदमजी पीरभाय हे मुंबईचे मोठे बोहरा उद्योगपती, आणि रेल्वेला भांडवल त्यांचेच. एका व्यापारी घराण्याने घाटात २१ किलोमीटर रूळ टाकले आणि आजही लोक त्यावरून हवा खायला जातात. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. नेरळहून वर जाणारी ही गाडी पावसाळ्यात दरवर्षी बंद ठेवतात. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने दस्तुरीपासून पुढे पायी, घोड्यावर किंवा त्या रेल्वेने जाता येते.

नेरळला जाताना बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली दिसली. त्यावरून आम्हाला डॉ. सलीम अली आठवले. शाळेत उर्दूच्या पुस्तकापलीकडे आमचे वाचन नव्हते. त्यांच्याविषयी फार नंतर वाचले. मुंबईतल्या सुलेमानी बोहरा घरात १८९६ साली जन्मलेला हा माणूस आधी आपल्यासारखाच धंद्यात पडला होता. १९१४ मध्ये घरच्या वुल्फ्रॅमच्या खाणीच्या आणि लाकडाच्या कामासाठी ब्रह्मदेशात ताव्हॉयला गेला. तो धंदा बुडाला. पण तिथल्या जंगलात पाखरांचा नाद वाढला, तो आयुष्यभर टिकला. १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे: नर गवताच्या काड्यांनी अर्धेच घरटे विणतो. मादी येऊन ते आतून-बाहेरून तपासते. पसंत पडले तरच नर ते पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. मास्टर हे ऐकून हसले. "म्हणजे आधी नमुना, मग ऑर्डर. कच्चा माल वाया नाही," ते म्हणाले.

आता ताडोबाकडे येतो. जायचे केव्हा, हे आमच्या धंद्यात आधी ठरवावे लागते. रमजान-ईदची गर्दी, लगनसराई, मे-जूनमधले शाळेचे गणवेश, गणपती ते दिवाळी, या दिवसांत कुलूप अशक्य. भाद्रपदाच्या पितृपक्षात बाजार मंद असतो, पण तेव्हा जंगल बंद. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटकांना बंद असतो. उरला तो भाऊबीजेनंतरचा आठवडा. लाभपंचमीपर्यंत सुरतचा बाजार झोपलेला, गावी गेलेले कारागीर परतलेले नसतात आणि मुलांच्या शाळांना सुट्टी. कापड आणि शिलाईच्या लोकांना याहून चांगली फट वर्षात सापडणार नाही.

जंगलातल्या फेरीचे आरक्षण वनखात्याकडे फार आधी करावे लागते आणि प्रत्येकाच्या ओळखपत्राचा नंबर द्यावा लागतो. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि वाटाड्या. म्हणून १९ जणांना चार गाड्या. भडक कपडे चालत नाहीत. मास्टरांनी गोदामात पडलेल्या खाकी ट्विलच्या कटपीसमधून सर्वांना बिनबाह्यांची जाकिटे आणि टोप्या शिवल्या. जेवणाबाबत आम्ही मुक्कामाच्या ठिकाणी आधीच कळवले की सगळे शाकाहारी जेवू. एक मोठी कटकट त्यामुळे मिटली.

कल्याणहून रात्री विदर्भ एक्सप्रेसने निघालो. सकाळी नागपूर, तिथून मोटारीने दुपारपर्यंत मोहर्ली गाव. हा सोमवार होता. आणि इथे आमची चूक उघडी पडली. ताडोबा मंगळवारी बंद असते हे आरक्षण करणाऱ्या मुलांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी फेऱ्या बुधवारी घेतल्या होत्या. पण आम्हा मोठ्यांना ते कोणी सांगितले नव्हते. पाच दिवस दुकान बंद ठेवून त्यातला एक दिवस नुसता बसून काढायचा, म्हणून आम्ही दोघे भाऊ मुलांवर चिडलो. बऱ्याच दिवसांनी कशावर तरी आमचे एकमत झाले.

मंगळवारी सकाळी गावातला एक वाटाड्या मुलांना गोष्टी सांगायला आला. महाराष्ट्रातले हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ साली जाहीर झालेले. पुढे १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. सारे मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. आम्ही त्याला विचारले, "ऐन हंगामात आठवड्याला एक दिवस बंद, तुमचे नुकसान होत नाही?" तो म्हणाला, "साहेब, जनावराला एक दिवस गाडीचा आवाज नको. आणि आम्हालाही घर आहे." पावसाळ्यात तर तीन महिने. त्या बंदवरच बाकीचे नऊ महिने चालतात, हा त्याचा हिशेब होता.

दुपारी करायला काही नव्हते. दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, लोकल पकडायची नाही. अंगणातल्या झाडाखाली धाकटे बंधू येऊन बसले. तासभर गप्प. मग त्यांनीच मुलाच्या वहीतले दोन कागद फाडले. बुडालेल्या पार्ट्यांची नावे लिहीत गेलो. कोणती उधारी कोणाच्या शब्दावर दिली होती, दोघांनाही आठवत होते. दुकानात तेच आठवताना आवाज चढायचा. मास्टर मध्ये एकदा म्हणाले, "त्या पार्टीला माल मीच कापून दिला होता, तुम्ही दोघेही नको म्हणत होता." तेव्हा आम्ही तिघे हसलो. संध्याकाळपर्यंत आकडा निघाला.

बुधवारी पहाटे थंडीत कुडकुडत गेटवर गेलो. गाभा क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई आहे. आमच्या हातापायांना मुंग्या आल्या. त्याच सकाळी एका पार्टीचा फोन येणार होता. चार तास फोन नाही, असे कित्येक वर्षांत झाले नव्हते. पहिला अर्धा तास हात खिशाकडेच जात होता. पुढे गेला नाही. सागाची झाडे, बांबूची बेटे, गवतात चितळांचा कळप, एक काळाभोर गवा, तलावाकाठी पसरलेली मगर. आमची वाटाडी गावातलीच एक तरुण बाई होती. सांबराने इशारा दिला की ती गाडी थांबवायची आणि वाळूतला ठसा पाहून नर की मादी ते सांगायची. हीसुद्धा कारागिरीच. मास्टर नुसत्या हाताने कापडाचे वजन सांगतात, तशी.

वाघ दिसला, पण आम्हाला नाही. चारपैकी एकाच गाडीला दिसला, त्यात मास्टरांच्या वृद्ध आई होत्या. रस्ता ओलांडून गेला, एवढेच. आमचा नातू रडवेला झाला. "पैसे वसूल नाही झाले," असे तो म्हणाला आणि आम्हाला आपलाच आवाज ऐकू आला. दुपारच्या फेरीतही आमच्या वाट्याला वाघ नव्हता. अम्माजींनी मात्र रात्री जेवताना त्याची चाल तीनदा सांगितली. ती सगळ्यांनी पुन्हा पुन्हा ऐकली.

परतीच्या वाटेवर नातवाने एका स्वच्छ ओढ्याकडे बोट दाखवून विचारले, "आपल्याकडचा नाला असा का नाही?" तो ज्याला नाला म्हणतो ती वालधुनी नदी आहे. अंबरनाथच्या डोंगरातून येते, प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरात शिरते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल दंडही ठोठावला होता. त्या काळ्या पाण्यात आपल्या रंगाचा आणि जीन्स धुलाईचा वाटा आहे, हे आपण सगळे जाणतो. ताडोबाला आठवड्यातून एक दिवस मिळतो. वालधुनीला आपण कोणता दिवस दिला? नातवाला उत्तर देता आले नाही. बंधूंनी मात्र परतल्यावर धुलाईचे काम कोणाकडे द्यायचे, त्याचे सांडपाणी कुठे जाते, हे आधी विचारायला सुरुवात केली आहे.

आता जमाखर्च. सर्वांत मोठा खर्च जंगलातल्या गाड्यांचा, त्याखालोखाल राहण्याचा आणि मोटारीचा. भिशी पुरली, थोडे उरले, त्यातून नवी भिशी सुरू केली. तोटा असा की त्या बुधवारी ज्या पार्टीचा फोन येणार होता, तिने शेजाऱ्याकडून माल उचलला. पुढच्या महिन्यात ती आमच्याकडे परत आली, पण तो सौदा गेला तो गेलाच. मुक्कामाच्या मालकाने मास्टरांच्या जाकिटांचा भाव विचारला. ऑर्डर अजून आलेली नाही. दुकान आणि कारखाना यांची वाटणी मात्र झाली. एकत्र राहिलो, असे म्हणून गोष्ट गोड करता आली असती, पण ते खरे नाही. खरे एवढेच की वाटणी वकिलाशिवाय झाली आणि मूळ हिशेब त्या दोन कागदांवरचाच आहे. ते दोन्ही कागद आम्ही तिजोरीत ठेवले आहेत.

ज्यांना ताडोबा लांब पडेल त्यांनी माथेरान करावे, तेही जमत नसेल तर मंगळवारी बोरिवली गाठावी. पण भिशी आजच सुरू करा, आणि आपल्या मास्टरला, कारागिराला त्यात बरोबरीने घ्या. हप्ता किती ठेवायचा, ते त्यालाच आधी विचारा.