माथेरानचा घाट आणि इंजिनचा पिवळा दिवा

नेरळहून घाट चढून दस्तुरी नाक्यावर गाडी उभी करणाऱ्या प्रवाशांच्या तोंडून, आणि खेदाची गोष्ट अशी की गाड्यांची नित्य दुरुस्ती करणाऱ्या काही कारागिरांच्याही तोंडून, एक विधान माझ्या कानावर इतक्या वेळा आले आहे, की त्याचा सविस्तर परामर्श घेणे आता मला अपरिहार्य वाटते. विधान असे : ‘माथेरानचा घाट चढला की इंजिनचा पिवळा दिवा लागतोच. वर हवा विरळ असते. बॅटरीची तार दहा मिनिटे काढून ठेवा, दिवा जाईल.’ या तीन वाक्यांतील पहिले चुकीचे आहे, दुसरे येथे गैरलागू आहे आणि तिसरे घातक आहे.

प्रथम विरळ हवेचा विचार करू. माथेरानची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, आणि तेथे हवेचा दाब पायथ्यापेक्षा अदमासे नऊ टक्क्यांनी कमी असतो. कार्ब्युरेटरच्या काळात ही घट इंजिनला कळण्याचा मार्ग नव्हता. मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे, काळा धूर निघे आणि पिकअप मंदावे, म्हणून या समजुतीला त्या काळी काही आधार होता. परंतु आजच्या इंजिनात शिरणाऱ्या हवेचे मापन सेन्सर करतो, सायलेन्सरच्या मार्गातील ऑक्सिजन सेन्सर ज्वलनाचा परिणाम क्षणोक्षणी कळवतो, आणि त्या दोहोंच्या आधारे संगणक पेट्रोलचे प्रमाण दुरुस्त करीत राहतो. आपली प्रदूषणविषयक नियमावली ज्या युरोपीय नियमांवर बेतलेली आहे, त्यांत उंचीच्या कारणास्तव ही देखरेख स्थगित ठेवण्याची मुभा उत्पादकाला आहे खरी, पण ती २,५०० मीटरच्या वर. माथेरान त्या मर्यादेच्या एकतृतीयांशाहूनही खाली आहे. तेव्हा येथील हवेवर ठपका ठेवण्यास कोणताही आधार उरत नाही.

मग दिवा नेमका घाटातच का लागतो, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घाटाच्या चढात आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, भरल्या गाडीनिशी, अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबून ती अरुंद वळणे चढताना सिलिंडरमधील दाब सपाट रस्त्यापेक्षा पुष्कळ वाढतो. आणि दाब जितका अधिक, तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडवण्यास विद्युत्‌दाबही अधिक लागतो. ठिणगीसाठी हा दाब पुरवणारी जी कॉइल कर्जतच्या बाजारपेठेत निमूटपणे काम करीत होती, तिला सूक्ष्म तडा असेल, अथवा प्लग झिजून त्याची फट वाढलेली असेल, तर ती येथे कच खाते, आणि कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर गाडी ‘मिसिंग’ करू लागते. पावसाळ्यात कॉइलच्या रबरी टोपीत ओल शिरलेली असली म्हणजे हे अधिकच लवकर घडते. अर्थात घाट दोष निर्माण करीत नाही, असलेला दोष उघडकीस आणतो. आणि तोच दोष खोपोलीहून बोरघाट चढतानाही उघडा पडेल.

याखेरीज आणखी एक बाब आहे, तिच्याकडे जवळजवळ सर्वांचेच दुर्लक्ष होते. बहुतेक दोष एकदा आढळल्याबरोबर दिवा लागत नाही. गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या लागोपाठच्या आवर्तनांत तोच दोष पुन्हा आढळला, म्हणजेच दिवा लागतो. त्यामुळे दस्तुरीवर दिसलेल्या दिव्याची पहिली नोंद मुंबईतच, कदाचित आठवड्यापूर्वी, झालेली असू शकते. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे : दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर त्याच क्षणी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गात विषारी वायू निवळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेट घेत आहे असे समजावे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मूल्यवान धातूंचा लेप दिलेली त्यातील चिनीमातीची जाळी अशा उष्णतेने वितळू शकते. अशा वेळी सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. घाट कसाबसा पुरा करण्याचा हट्ट करू नये.

आता बॅटरीच्या तारेकडे वळतो, कारण माझा खरा रोष तिच्यावरच आहे. तार काढली की बहुतेक गाड्यांत दिवा विझतो, हे खरे. पण विझतो तो दिवा, दोष नव्हे. दोष आढळला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, भार किती होता, पाणी किती तापलेले होते, याची जी नोंद संगणकाने आपल्या दफ्तरात केलेली असते, ती या उपायाने समूळ पुसली जाते. शोधास उपयोगी पडणारा एकमेव लेखी पुरावा आपण आपल्या हाताने नष्ट करतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा लागल्यावर त्याच कारागिराकडे जाऊन ‘कारण सापडत नाही’ म्हणून तक्रार करतो! दोष खरोखरच दूर झालेला असेल, तर तीन निर्दोष आवर्तनांनंतर दिवा आपोआप विझतो; त्यासाठी तारेला हात लावण्याचे प्रयोजनच नाही.

संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड स्कॅनर लावून वाचला म्हणजे निदान झाले, ही याच कुळातील दुसरी समजूत, आणि खिशाला ती सर्वांत महाग पडते. कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. उदाहरणार्थ ‘पी०४२०’ हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली, एवढेच सांगतो. त्यावरून लगेच नवा कन्व्हर्टर बसवण्याची तजवीज करणे म्हणजे तपास न करता शिक्षा सुनावणे होय. तपास असा करावा. इंजिन पुरते तापवून, सुमारे अडीच हजार फेऱ्यांवर स्थिर ठेवून, स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या पुढील आणि मागील अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचे आकडे पाहावेत. साध्या सेन्सरांच्या पेट्रोल गाडीत पुढील सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो, तर मागील सेन्सर ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहावयास हवा. मागीलही पुढीलाप्रमाणेच वरखाली होऊ लागला, तर कन्व्हर्टरवरील संशय बळावतो. तरीही मागील सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या जोडावर काळ्या काजळीची रेघ दिसते काय, हे वाकून पाहावे. तेथून आत शिरणारी बाहेरची हवा सेन्सरची दिशाभूल करते, आणि मग काही शेकड्यांच्या गॅस्केटने भागणाऱ्या कामासाठी हजारो रुपये खर्ची पडतात. कन्व्हर्टर खरोखर निकामी झालेला असला, तरी तो कशाने झाला — मिसिंगने की जळणाऱ्या ऑइलने — याचा छडा लावल्याखेरीज नवा बसवल्यास त्याचीही तीच गत होते.

राहिलेल्या गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावता येईल. पीयूसीचा दाखला ताजा आहे म्हणून दिव्याची चिंता नको, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ती तपासणी उभ्या गाडीची असते, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तीत मोजलीच जात नाहीत. पेट्रोलच्या टाकीचे झाकण आवळले की दिवा जातो, हा सल्ला अमेरिकेतून आलेला आहे. तेथील नियमांत टाकीतील वाफेची गळती शोधणे सक्तीचे आहे, तर युरोपीय धर्तीच्या नियमांत वाफेच्या झडपेची विद्युत्‌जोडणी तपासली तरी पुरते, म्हणून आपल्याकडील बहुतेक गाड्यांना तो लागू पडत नाही. महाग पेट्रोल भरल्याने तडकलेली कॉइल सांधत नाही. आणि घाट उतरताना न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचते हेही असत्य आहे : गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचे इंजिन पेट्रोलचा पुरवठा स्वतःच बंद करते, न्यूट्रलमध्ये मात्र तो चालूच राहतो, आणि ब्रेक तापतात ते निराळेच.

माथेरान २००३ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले, आणि पर्यटकांच्या मोटारींना दस्तुरीच्या पुढे मज्जाव आहे; परंतु निकामी कन्व्हर्टरमधून निघालेला विषारी वायू नाक्यावर अडत नाही, तो त्याच घाटातील झाडीत आणि त्याच घाटाने रोज खेपा करणाऱ्या टॅक्सीचालकांच्या छातीत जातो. म्हणून वाचकांना विनंती आहे, की दिवा लागल्यास बॅटरीला हात लावू देऊ नका. कोड आणि त्यासोबतची नोंद आधी कागदावर उतरवून मागा, मगच दुरुस्तीला संमती द्या.