जुन्या कॉमिक्सचा धंदा: साफ करा, दाबा, पण लपवू नका



आष्टीपासून परळीपर्यंत आपल्या बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही रद्दीच्या दुकानात कधीतरी तासभर बसून बघा. वर्तमानपत्रं आणि गाईडच्या ढिगात एखादं जुनं कॉमिक्स निघतंच. दुकानदार ते किलोवर विकतो. संग्राहक मात्र तेच एका प्रतीच्या हिशोबाने घेतो. या दोन भावांमधल्या फरकात आपला धंदा आहे.

कशाला मागणी असते?

पहिलं नाव इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडिया गटाने १९६४ साली ते सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, नंतर आपला बहादूर. मराठी आवृत्तीसुद्धा निघायची. दुसरं नाव अनंत पै यांची अमर चित्र कथा, १९६७ पासूनची. इथे एक खबरदारी घ्या. अमर चित्र कथेची पुनर्मुद्रणं भरपूर झालीत. त्यामुळे छापील किंमत आणि आतला मजकूर तपासल्याशिवाय "पहिली आवृत्ती" म्हणून विकू नका.

माझी चूक आधी ऐका

सुरुवातीला मला एक इंद्रजाल मिळालं होतं. कोपरा दुमडलेला, बाकी अंक छान. मी काय केलं? घरची कपड्यांची इस्त्री घेतली, वाफ सोडली आणि दाबली. मुखपृष्ठाची चमक गेली, रंग कापडाला चिकटला, आतली पानं लाटेसारखी झाली. गिऱ्हाईक ठरलेलं होतं, त्याने फोटो बघून नकार दिला. दुमडलेला कोपरा चालला असता, जळालेलं मुखपृष्ठ कोण घेणार?

साफसफाई: कोरडी, हलकी, थोडी

कॉमिक्सचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. आपल्याकडचा उन्हाळा त्याला आणखी कडक करतो, आणि पावसाळ्यात ओल धरली की पिना गंजतात आणि कसर लागते.

आधी मऊ ब्रशने धूळ काढा. मग पांढऱ्या मऊ खोडरबरने मुखपृष्ठाचा मळ हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा. आधी कोपऱ्यात करून बघा. रंग रबरावर आला तर तिथेच थांबा. पाणी, स्पिरिट, ब्लीच यातलं काही वापरायचं नाही.

दाबणं: काय सुधारतं, काय नाही

वाक, पोचा, लाटा आणि रंग न तुटलेली घडी, एवढंच दाबल्याने सुधारतं. घडीवर पांढरी रेष दिसते का? मग तिथला रंग तुटलाय, तो परत येत नाही. फाटलेलं, डागाळलेलं, उन्हाने फिकं झालेलं तर अजिबात नाही.

व्यावसायिक लोक हीट प्रेस वापरतात. तुमच्या तालुक्यात टी-शर्ट छापणाऱ्याकडे असतं तेच मशीन. पण टी-शर्टला १८० अंशांच्या आसपास उष्णता लागते, कॉमिक्सला साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअस पुरते. वर-खाली सिलिकॉनचा न चिकटणारा कागद ठेवायचा, अंकाच्या मध्ये गुळगुळीत कागद घालायचा म्हणजे पिनांचे ठसे उमटत नाहीत. काही मिनिटं दाबल्यावर थंड होईपर्यंत वजनाखालीच ठेवायचं. नवशिक्यांनी मशीनच्या मागे लागू नये. दोन सपाट फळ्यांमध्ये गुळगुळीत कागद लावून, वर वजन ठेवून आठ-दहा दिवस सोडा. हळू होतं, पण नुकसान होत नाही. सराव नेहमी पाच रुपयांच्या रद्दी अंकावर करायचा.

ग्रेडिंग: "गुड" म्हणजे चांगलं नाही!

अमेरिकेतली सीजीसी ही कंपनी २००० सालापासून कॉमिक्स तपासून ०.५ ते १०.० असा दर्जा देते आणि अंक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते. तिथल्या भाषेत ९.८ म्हणजे जवळजवळ नवा, ८.० म्हणजे व्हेरी फाइन, ६.० म्हणजे फाइन, ४.० म्हणजे व्हेरी गुड. आणि "गुड"? फक्त २.०! म्हणजे जाहिरातीत सहज "गुड कंडिशन" लिहिलं, तर संग्राहक अंक खूपच खराब आहे असं समजतो.

व्यवस्थित दाबणं आणि कोरडी साफसफाई सीजीसी दुरुस्तीत धरत नाही. पण पेनाने रंग भरला, फाटलेलं गोंदाने जोडलं, कडा कापून सरळ केल्या, तर तसा शेरा लेबलवर येतो आणि किंमत पडते. फरक सोपा आहे. मळ आणि वाक काढणं चालतं, नवीन काही घालणं किंवा मूळ कापून टाकणं चालत नाही. सेलोटेप तर कधीच नाही.

२०२४ मध्ये सुपरमॅनचं पहिलं दर्शन घडवणारा १९३८ सालचा अंक, ८.५ दर्जाचा, ६० लाख डॉलरला गेला. ही बातमी वाचून लगेच अंक अमेरिकेला पाठवू नका. हिशोब करा. समजा तुमचा अंक ८०० रुपयांना जातो. डॉलरमधली फी, जाण्या-येण्याचं कुरिअर आणि विमा मिळून पाच हजार लागले, तर धंदा कुठे राहिला? आपल्या बहुतेक अंकांना हे परवडत नाही.

मग आपला दर्जा आपणच लावायचा

१. सहा फोटो काढा: पुढचं, मागचं, पाठीची कड, पिना, मधलं पान आणि सर्वात वाईट डाग.
२. सगळी पानं मोजा. कोडं भरलेलं, कूपन कापलेलं असेल तर लिहा.
३. दाबलं असेल, साफ केलं असेल तर तेही लिहा.
४. शंका असेल तर एक पायरी खालचा दर्जा सांगा.
५. पिशवीत घालून दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये बांधून स्पीड पोस्टने पाठवा.

आणि हो, मूळ अंक विका. स्कॅन किंवा झेरॉक्स विकणं हा कॉपीराइटचा भंग आहे.

बीडमध्ये बसून तुम्ही पुण्या-मुंबईच्या, परदेशातल्या माणसाला माल विकताय. तो अंक हातात घेऊन बघू शकत नाही, फक्त तुमच्या शब्दावर पैसे पाठवतो. पार्सल उघडल्यावर अंक सांगितल्यापेक्षा थोडा बरा निघाला, की पुढच्या वेळी तो दुसरीकडे जात नाही. या धंद्यात खरं भांडवल तेवढंच आहे.

या रविवारी जवळच्या रद्दीच्या दुकानात जा, एकच अंक घ्या आणि त्याची अवस्था पाच ओळींत खरी-खरी लिहून काढा. सुरुवात तिथून करा.